मास्तरांचा वेलदोडा जेद्दाला निघतो

आबेलार्दो मास्तरांनी आपला वेलदोडा स्वतः, थेट, मध्ये कुणालाही न घालता जेद्दाला पाठवायचं ठरवलं, त्याला कारण झाला त्यांच्या मेहुण्याचा अंगठा.

मेहुणा म्हणजे फिदेन्सिओ, मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या कोबान गावच्या बाजारामागे त्याची वखार आहे. गावोगावचा ओला वेलदोडा घ्यायचा, भट्टीत वाळवायचा आणि बड्या निर्यातदारांच्या गळ्यात मारायचा, हा त्याचा धंदा. आता वखारवाला म्हटला की काट्यावर थोडाफार अंगठा टेकणारच. त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही, शिरस्ता म्हणतात. पण अंगठा टेकताना माणसानं निदान दुसरीकडे तरी बघावं! हा पठ्ठ्या मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवून, ‘दाजी, गुडघे काय म्हणतात?’ असं विचारत अंगठा टेकून उभा.

“अंगठा काढ,” मास्तर म्हणाले.

“कुठला अंगठा?”

“तुझा. काट्यावरचा.”

“दाजी, तो तिथंच असतो. माल त्याच्यासकट तोलायचा असतो. तुम्ही भूगोल शिकवलात, व्यापार नाही शिकवलात.”

हे वर्मी लागलं. मास्तरांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला होता आणि ‘आपल्या देशाची निर्यात’ हा तर त्यांचा हातखंडा धडा. गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या छडीच्या तालावर ‘कॉफी, केळी, साखर, वेलदोडा’ घोकलेलं होतं. वेलदोडा अरबस्तानात जातो हे या गावाला सांगितलं कुणी? आणि त्याच माणसाला हा कालचा पोरगा व्यापार शिकवणार?

“मला तुझी गरज नाही,” मास्तर गरजले. “मी माझा माल जेद्दाला पाठवीन! थेट!”

फिदेन्सिओ पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “जेद्दा राहू द्या. हंगाम संपायच्या आत माझ्याशिवाय एक पोतं विकून दाखवा. एकच. दाखवलंत, तर इथं सगळ्यांसमोर कान धरीन. नाही जमलं, तर ताईची ती रस्त्यालगतची वेलदोड्याची पट्टी मला भाड्यानं द्यायची. झाडं काढतो आणि गाड्या धुण्याचं केंद्र टाकतो. बोला.”

“कबूल!” मास्तर म्हणाले. वखारीतले हमाल ऐकत होते, गिऱ्हाइकं ऐकत होती, बाहेर भुरभुर पावसात उभं असलेलं एक गाढवसुद्धा कान टवकारून होतं. मास्तरांनी आपली ओल्या वेलदोड्याची पोती उचलवली आणि टेम्पोत घालून ताठ मानेनं घरी आणली. मान ताठ होती ती दारापर्यंत.

घरात मास्तरांच्या पत्नी ओतिलियाबाई काळा घेवडा निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. निवडायच्या थांबल्या नाहीत.

“माझ्या बाबांनी लावलेली झाडं तुम्ही पैजेवर लावलीत?”

“अगं, तत्त्वाचा प्रश्न होता.”

“मग तत्त्वाची जमीन तुमची कुठं असेल, ती लावायची होती.” एक खडा त्यांनी नेम धरून टोपलीत टाकला. “फिदेचं मला नवल नाही. त्याला बापापेक्षा रस्ता जवळचा. पण तुम्ही? ती झाडं लावताना बाबा मला पाठीवर घेऊन चिखलात उभे असायचे. ती गेली तर मी भांडणार नाही. त्या रस्त्यानं जाताना तोंड फिरवीन, एवढंच. आणि ते तुमच्याकडूनही फिरलेलं असेल, सांगून ठेवते.”

ओतिलियाबाई ओरडल्या असत्या तर मास्तर बरोबरीनं ओरडले असते. हे शांत बोलणं ऐकून ते उठले आणि ओली पोती आडोशाला ओढू लागले.

आता पहिली गोष्ट म्हणजे माल वाळवायचा. ओला वेलदोडा दोन दिवस तसाच राहिला तर काळा पडतो. मास्तर भट्टीवाल्यांकडे गेले, तर गावातल्या यच्चयावत भट्ट्या त्याच दिवशी दुरुस्तीला निघालेल्या. फिदेन्सिओचा हात लांबवर पोचतो. उन्हात वाळवावा म्हणावं, तर आमच्या कोबानमध्ये ऊन म्हणजे लग्नातल्या रुसलेल्या मामासारखं. आज येतो, उद्या येतो, आणि येत नाही. बारा महिने आपली चिपी-चिपी चालू. हे आमच्या भुरभुर पावसाचं नाव, आणि तो पडतोही अगदी नावासारखाच.

हां हां म्हणता गल्ली जमा झाली. आमच्या गल्लीत सल्ला फुकट मिळतो आणि घरपोच मिळतो. औषधाच्या दुकानाचे सेनोनशेठ म्हणाले, “मास्तर, इस्त्री करा. एकेक बोंड.” समोरच्या निवृत्त फौजदारांनी केस वाळवायचं यंत्र आणून दिलं, ते दहा मिनिटं चाललं आणि गल्लीचा फ्यूज उडाला. त्या अंधारात मग मूळ प्रश्न निघाला: हे अरब लोक वेलदोड्याचं करतात तरी काय?

तुम्हाला हसू येईल, पण हे कोबानमध्ये कुणालाच धड माहीत नाही. आमचे डोंगरच्या डोंगर वेलदोड्याचे. मुलांच्या शाळेच्या फिया त्यावर, पोरींची लग्नं त्यावर, चर्चची नवी घंटा त्यावर. पण तोंडात कुणी एक दाणा टाकत नाही. विकायची वस्तू ती, खायची नव्हे. खिळे विकणारा काय खिळे खातो?

“मुडद्यांना लावतात,” सेनोनशेठ म्हणाले. “पूर्वीपासून आहे ते.”

“विमानाच्या तेलात घालतात,” फौजदार म्हणाले. “म्हणून त्यांची विमानं वास मारत नाहीत.”

“उंटांना गॅस होतो, त्यावर देतात,” असं तिसऱ्यानं सांगितलं. मास्तरांना विचारलं तेव्हा त्यांनी घसा साफ करून, “पेयात वापरतात, असं पुस्तकात आहे,” म्हणून सांगितलं, पण त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मास्तरांचाही तितकासा नव्हता.

मार्ग काढला तो शेजारच्या तोमासाबाईंनी. तोमासाबाईंची पाव-बिस्किटांची भट्टी भिंतीला भिंत लागून. त्यांच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला ओतिलियाबाई धर्ममाता उभ्या राहिल्या, तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींच्या वर. “सकाळचा माल निघाला की माझी भट्टी दुपारभर कोमटच असते, ताई,” त्या म्हणाल्या. “पसरा तुमची बोंडं माझ्या ताटांत. त्यात काय एवढं!”

त्यात बरंच काही होतं, पण ते नंतर कळलं.

मास्तर रोज दुपारी बाह्या सरसावून तोमासाबाईंच्या भट्टीपुढे बसू लागले. स्वभाव नेटका. शाळेत खडूचे तुकडेसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायचे. उष्णतेनं काही बोंडं फुटायची आणि आतले काळे दाणे ताटात सांडायचे. ते वाया जाऊ नयेत म्हणून मास्तरांनी ते गोळा केले आणि फळीवरच्या एका अर्ध्या भरलेल्या डब्यात ओतून वर झाकण घट्ट लावलं. आत आधीपासून काय आहे ते त्यांनी बघितलं नाही. त्यात बडीशेप होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तोमासाबाईंनी नेहमीप्रमाणे तो डबा उखळात रिकामा केला, कुटला, आणि आठवड्याच्या पिठाला चोळून टाकला.

आमची चांपुराडा म्हणजे तीळ लावलेलं, जाडजूड, कडक, गोल बिस्किट. सकाळी कॉफीत बुडवून खाल्ल्याशिवाय कोबानच्या माणसाचा दिवस उजाडत नाही. त्या दिवशी तो विचित्रच उजाडला. सात वाजता सेनोनशेठ हातात अर्धी चांपुराडा धरून भट्टीच्या दारात.

“तोमासाबाई, हे काय आहे?”

“चांपुराडा.”

“हिला अत्तर कुणी लावलं? माझ्या दुकानात मुळव्याधीचं मलम आहे, त्याला अस्सा वास आहे.”

फौजदार म्हणाले, साबण खाल्ल्यासारखं वाटतंय. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, वखारीत जेवल्यासारखं वाटतंय. कुणीतरी म्हणालं, “उंटाचं औषध! उंटाचं औषध पोटात गेलं!” आणि मग गल्लीतल्या सगळ्यांनाच पोटात काहीतरी हालल्यासारखं वाटायला लागलं. तोमासाबाईंनी डबा हुंगला, मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांना भूगोलात कुठंतरी लपायला जागा असती तर बरं, असं झालं.

पीठ आठवड्याचं. फेकायचं तर भट्टी बसते. भाजायचं तर घेतंय कोण? तोमासाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओतिलियाबाईंना बघवलं नाही. “भाज तू,” त्या म्हणाल्या. “सगळा माल माझ्या घरी पाठव.” आणि खरोखरच आठवडाभर टोपल्यांवर टोपल्या मास्तरांच्या घरात येऊन पडू लागल्या. कपाटात चांपुराडा, पलंगाखाली चांपुराडा. दिवाणखान्यात पाहुणा आला तर त्याला आधी टोपली उचलून खुर्ची मोकळी करून द्यावी लागे. मास्तर नवराबायको सकाळ-संध्याकाळ मुकाट तेच खात. ओतिलियाबाई पहिल्या दिवशी नाक धरून खात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाक सोडलं. नंतर नंतर त्या एक जास्त घेऊ लागल्या, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

इकडे मास्तरांनी नमुना पाठवायची तयारी केली. जुन्या शिष्याकडून जेद्दाच्या एका मसालेवाल्या पेढीचा पत्ता मिळवला होता. ‘सालेह बाहमदान आणि बंधू.’ त्यांना एक डबाभर वेलदोडा पाठवायचा, त्यांनी तो हुंगून धन्य व्हायचं आणि पोत्यांची मागणी नोंदवायची, असा बेत. पण परदेशी काहीही झाडपाला पाठवायचा म्हटलं की सरकारी दाखला लागतो, की यात कीड नाही. त्या कचेरीत खिडकीमागे बसला होता विल्मर.

विल्मरला मास्तरांनी भूगोलात तीनदा नापास केला होता. त्यानं नद्या उलट्या वाहवल्या होत्या, त्याला मास्तर काय करणार? पण विल्मर विसरला नव्हता. त्यानं अर्ज घेतला, खिशातून लाल पेन काढलं, आणि अर्ज परत आला तेव्हा त्यावर शेरा होता: ‘उत्तर अपुरे. पुन्हा लिहा.’

दुसऱ्यांदा शेरा आला: ‘अक्षर सुधारा.’

तिसऱ्यांदा विल्मर खिडकीतून म्हणाला, “मास्तर, ‘निर्यातीचा उद्देश’ या रकान्यात तुम्ही ‘आत्मसन्मान’ लिहिलंय.”

“मग?”

“तो यादीत नाही. विक्री, देणगी किंवा प्रदर्शन. यातलं एक निवडा.”

मास्तरांनी दात-ओठ खात ‘विक्री’ लिहिलं. उभ्या आयुष्यात कधी कुणाच्या हातून पेपर तपासून घेतला नव्हता; आता म्हातारपणी तेही झालं. अखेर विल्मरनं शिक्का मारला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘उत्तीर्ण. काठावर.’

डबा निघाला. डबा म्हणजे तोमासाबाईंचाच, वरती ठळक रंगात ‘चांपुराडा’ असं छापलेला. नवा डबा कुठून आणायचा? राजधानीतल्या जकातखान्यात साहेबांनी कागद बघितला तर वेलदोडा, डबा बघितला तर चांपुराडा. उघडला तर वर वेलदोडा आणि तळाशी तीळ. आता हा मसाला की बेकरीचा माल? मसाल्याचं खातं वेगळं, बेकरीचं वेगळं, दोन्ही खात्यांचे साहेब एकमेकांशी बोलत नाहीत. डबा कितीतरी दिवस दोघांच्या टेबलांमधल्या खुर्चीवर बसून होता. शेवटी परत आला. वर चिठ्ठी: ‘वस्तूचे स्वरूप निश्चित करून पुन्हा सादर करावी.’

हंगाम सरत आला होता. फिदेन्सिओ एकदा फीत घेऊन पट्टी मोजून गेला. आणि वर सांगून गेला, “पाण्याची टाकी कोपऱ्यात बसेल, ताई. छान बसेल.” ओतिलियाबाई त्या संध्याकाळी झाडांत एकट्याच जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर रस्त्यावरून त्यांना बघत होते. हाक मारायचं धाडस झालं नाही. आपण काय करून बसलो, असं त्यांना फार मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर डोकेदुखीची गोळी घ्यायला सेनोनशेठच्या दुकानात गेले आणि परत आलेला डबा काउंटरवर आपटला. सेनोनशेठनं पत्ता वाचला.

“बाहमदान? सालेह बाहमदान?” ते म्हणाले. “अहो, हा म्हातारा रोज सकाळी माझ्याकडून खोकल्याच्या गोळ्या घेतो!”

“कोण घेतो?”

“हाच! बाजारापलीकडच्या हॉटेलात उतरलाय. दर हंगामाला येतो माल घ्यायला. आमची थंडी त्याला सोसत नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! डबा जकातखान्यात खुर्ची उबवत होता तेव्हा जेद्दा तीन गल्ल्या पलीकडे बसून खोकत होतं.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही इस्त्रीचा सल्लासुद्धा ऐकला नाहीत.”

मास्तरांनी कोट चढवला, हॉटेलात गेले आणि अंगणातल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेल्या एका कृश म्हाताऱ्याला घरी यायचं आमंत्रण दिलं. म्हाताऱ्याची स्पॅनिश बाजारात शिकलेली. आकडे, रंग आणि ‘उद्या’ एवढ्यावर त्याचं भागत असे. “घर?” त्यानं दोनदा विचारलं. “तुझं घर? उद्या?” आणि मास्तरांकडे असा बघत राहिला की मास्तरांना वाटलं, आपलं काही चुकलं की काय.

उद्या उजाडलं. सालेहसाहेब आले, आणि त्यांच्यामागून हसतमुखानं फिदेन्सिओही आला. “साहेब आमचे जुने ओळखीचे,” तो म्हणाला. “म्हटलं, दाजींचा माल बघू या तरी.” खिडकीबाहेर सेनोनशेठ आणि फौजदार ‘सहज’ उभे होते.

मास्तरांनी पोतं उघडलं. सालेहसाहेबांनी मूठभर वेलदोडा तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला, एक बोंड नखानं फोडलं, हुंगलं. मग हळूच परत पोत्यात ठेवलं, कुणाचं मन दुखवायचं नसलं की माणूस ठेवतो तसं.

“हिरवा नाही,” ते म्हणाले. “पिवळा. तीळ वास. धूर वास. जेद्दा घेणार नाही.”

“थोडा... थोडा पिवळा आहे,” मास्तर म्हणाले.

“पूर्ण पिवळा.”

फिदेन्सिओनं खिशातून फीत काढली आणि उगीच बोटाला गुंडाळू लागला. मास्तरांनी बायकोकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. सगळा भूगोल डोळ्यांसमोर गरगर फिरत होता.

“बसा,” ओतिलियाबाई म्हणाल्या. “माल नाही पसंत तर नाही. घरी आलेला माणूस कोरडा जायचा नाही.” त्यांनी एका खुर्चीवरची टोपली उचलली, पाहुण्यांना बसवलं आणि कॉफी आणली. कॉफीबरोबर द्यायला घरात दुसरं होतं तरी काय! टोपलीतल्या चार चांपुराडा बशीत ठेवल्या आणि ओशाळून म्हणाल्या, “जरा वास येतो. माफ करा. यंदा भट्टीत घोटाळा झाला.”

पाहुण्यांनी आधी बोटानं बशी थोपवली. “चरबी? डुक्कर?”

“नाही हो! लोणी. तोमासा लोण्याशिवाय काही घालत नाही.”

मग त्यांनी एक चांपुराडा उचलली. आमच्यासारखी बुडवली नाही, तशीच चावली. चावली आणि थांबले. सगळं घर थांबलं. खिडकीबाहेर सेनोनशेठ पुटपुटले, “मेला बिचारा.”

पाहुण्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग डोळे मिटले, आणि मिटलेल्या पापणीखालून एक थेंब हळूच गालावर आला. ओतिलियाबाई घाबरून पुढं झाल्या.

“कोण केलं?” पाहुण्यांनी विचारलं.

“शेजारीण. चुकून झालं ते.”

“चूक नाही.” म्हातारा मान हलवत राहिला. “चूक नाही. माझी आई. ईद. अस्संच.” मग आपल्या बाजारातल्या शब्दांत, बोटांनी, मानेनं, त्यांनी जे सांगितलं ते असं: किती हंगाम येतो मी. हॉटेल, वखार, हॉटेल. इथं डोंगर वेलदोडा, ट्रक वेलदोडा, माणसाच्या कपड्याला वेलदोडा. तोंडात? कुणाच्या तोंडात नाही. मी रात्री खोलीत विचार करतो, या लोकांना कुणी सांगितलंच नाही का? आणि घर. कुणी घरी बोलावलं नाही. हे पहिलं घर.

फिदेन्सिओनं फीत खिशात घातली. इतकी वर्षं हा माणूस त्याच्याकडून माल घेत होता, आणि त्यानं त्याला एक पेला पाणी वखारीबाहेर कधी दिलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले, हे खिडकीतूनसुद्धा दिसलं.

सालेहसाहेबांनी बशी संपवली, मग टोपलीत हात घातला, मग टोपली काखेत मारून थेट तोमासाबाईंच्या भट्टीत गेले. तिथं दारात उभे राहून, भर गल्लीत, एकामागून एक चांपुराडा खात त्यांनी तोमासाबाईंना आपल्या भाषेत एवढा लांबलचक आशीर्वाद दिला की तोमासाबाईंनी पदराला हात पुसून तो अगदी डोकं वाकवून घेतला. जाताना दोन टोपल्या रोख देऊन घेऊन गेले.

आता आमच्या गल्लीचा एक स्वभाव आहे. आपलं आपल्याला कधी बरं दिसत नाही. पण समुद्रापलीकडच्या माणसानं डोळ्यांत पाणी आणून खाल्लं म्हटल्यावर कुणाला राहवणार? ओतिलियाबाईंकडच्या उरलेल्या टोपल्या भट्टीत परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समोर रांग. सगळ्यांत पुढं सेनोनशेठ.

“मुळव्याधीचं मलम आहे हो ते,” तोमासाबाई म्हणाल्या.

“मी मलमाला कधी नावं ठेवली?” सेनोनशेठ म्हणाले. “सहा द्या.”

दुपारी तोमासाबाई मास्तरांच्या दारात. टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि नव्या पिठात घालायला दाणे नव्हते. “मास्तर, ते पिवळं पोतं विकायचंय का? हिरवं-पिवळं मला काय, मी कुटणारच आहे.”

पोतं मास्तरांच्या दारातून निघून भिंतीपलीकडच्या दारात गेलं. सगळा प्रवास पंधरा पावलांचा, पण मास्तर त्याच्यामागून जहाज सोडायला आल्यासारखे रुमाल हातात घेऊन चालत होते.

फिदेन्सिओ तणतणत आलाच. “हे कसलं विकणं! शेजारणीला विकलंत. जेद्दा कुठाय?”

“पैजेत जेद्दा नव्हतं,” ओतिलियाबाई म्हणाल्या. “‘जेद्दा राहू द्या’ असं तूच म्हणालास. माझ्याशिवाय एक पोतं, एवढंच होतं. हमालांना विचार. गाढवाला विचार.”

फिदेन्सिओनं वखारीत सगळ्यांसमोर कान धरले. अंगठा कानामागे अडकल्यामुळं तेवढा वेळ काटासुद्धा खरं वजन दाखवत होता म्हणतात.

पट्टी राहिली. झाडं राहिली. मास्तरांची जेद्दाची हौस मात्र फिटली नव्हती. त्यांनी एक डबा चांपुराडा सालेहसाहेबांच्या घरी पाठवायला काढला. विल्मरनं ‘उद्देश’ या रकान्यावर पेन टेकवलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “देणगी.” डब्यावर चांपुराडा, कागदावर चांपुराडा, आत चांपुराडा, जकातखान्याला हरकत घ्यायला काही उरलंच नाही. महिन्याभरानं जेद्दाहून उलट टपाली खोकं आलं. आत काळपट, चिकट, सुरकुतलेली फळं. खजूर. गल्ली पुन्हा जमली. सेनोनशेठ म्हणाले, ही जुलाबाची असणार. फौजदार म्हणाले, बुटाला लावायची. तोमासाबाईंनी मात्र एक खजूर हुंगला, आणि पिठाच्या टोपाकडे बघितलं. या वेळी खोक्यात काय आहे ते त्यांनी आधी नीट पाहून घेतलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर एका रविवारी फिदेन्सिओ बहिणीकडे आला. गाडी बाहेर लावली, चिखलानं माखलेली. बसला, कॉफी घेतली, चांपुराडा बुडवली, खाल्ली. ज्या माणसानं उभं आयुष्य वेलदोडा तोलला आणि कधी जिभेवर ठेवला नाही, त्यानं भुवया जवळ घेतल्या आणि म्हणाला,

“तोमासानं आज वेलदोडा कमी घातलाय.”

मास्तर आणि ओतिलियाबाईंनी एकमेकांकडे बघितलं.

“घरी बायको करते हल्ली,” तो बशीकडे बघत म्हणाला. “पण वखारीतला हिरवा माल निर्यातीचा, तो फोडायला जीव होत नाही. तुमच्याकडचा असला तर द्या थोडा. विकत द्या.”

मास्तर उठले. आतून आपला छोटा काटा घेऊन आले, टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या. काय करायचं ते त्यांनी या क्षणासाठी कधीचं ठरवून ठेवलं होतं. अंगठा काट्याच्या अगदी वर येऊन थांबलासुद्धा. तेवढ्यात ओतिलियाबाईंनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला, शेरभर वेलदोडा तोलला, पुडीत भरला आणि वरून आणखी एक मूठ टाकली.

“ही कशाबद्दल?” फिदेन्सिओनं विचारलं.

“ही बाबांची,” त्या म्हणाल्या. “झाडं त्यांनी दोघांसाठी लावली होती.”

फिदेन्सिओनं पुडी हातात घेतली, पण उठला नाही. बराच वेळ ती नाकाशी धरून बसून राहिला. मग म्हणाला, “ताई, पट्टीवरचं तण वाढलंय. उद्या माणसं पाठवतो.” आणि मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून विचारलं, “गुडघे काय म्हणतात रे तुझे?”